उर्वशीचा अर्ज

बोरखडीत कोणाला नेरची पहिली गाडी किती वाजता आहे, किंवा यंदा तुरीचा भाव काय निघाला, असलं काही विचारायचं असलं की तो माणूस बाबारावच्या छपरीत येऊन उभा राही. छपरीत बाजेवर उर्वशी बसलेली असे. बसलेली म्हणजे बसवलेली. पाठीमागे भिंत, दोन्ही अंगांना गोधड्यांच्या वळकट्या, आणि ती घसरू नये म्हणून कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. विचारायचं तिला आणि उत्तर घ्यायचं तिच्या आईकडून, पंचफुलाकडून. कारण उर्वशी बोलत असे ते साऱ्या गावात एकट्या पंचफुलालाच नीट समजत असे. जीभ जड, जबडा एका बाजूला ओढलेला. शब्द निघायच्या आधी मान मागे जाई, हात आपोआप वर उठे, आणि मग घशातून एक लांबट आवाज येई. परक्याला तो नुसता हुंकार वाटे. पंचफुला विळीवर भाजी चिरता चिरता, मान वर न करता सांगे, "सात वीसची म्हणते. पण बुधवारी उशिरा येते, म्हणते."

ती पंचफुलाच्या माहेरी, नेरच्या अंगाला एका खेड्यात जन्मली होती. दोन दिवस कळा चालल्या. पोर बाहेर आली तेव्हा अंग निळं पडलं होतं आणि ती रडली नाही. सुईणीनं उलटी धरून पाठीवर थापा मारल्या तेव्हा कुठे श्वास लागला. वर्षाची झाली तरी मान धरेना. तीन वर्षांची झाली तरी बसेना. हात पेल्याकडे न्यायचा म्हटलं तर तो भलतीकडेच जाई. लोक म्हणाले, हिला काही समजत नाही. पंचफुलालाही सात-आठ वर्षं तसंच वाटत होतं. मग बाबारावनं एक जुना रेडिओ आणला, आणि एके दिवशी पोरगी तोच तोच आवाज पुन्हा पुन्हा काढू लागली. पंचफुलानं पाणी दिलं, बाहेर नेऊन आणलं, पोट दाबून पाहिलं. आवाज काही थांबेना. शेवटी ती समोर मांडी घालून बसली आणि कान देऊन ऐकलं. पोरगी म्हणत होती, "रेडिओ लाव, बातम्या लागल्या असन." त्या दिवशी पंचफुला कामावर गेली नाही. दिवसभर पोरीजवळ बसून राहिली आणि आठ वर्षांचं साचलेलं ऐकत राहिली.

पुढं रेडिओ हीच उर्वशीची शाळा झाली. बाजारभाव, हवामान, बातम्या, सरकारी माहिती, जे कानावर पडे ते डोक्यात राही. तिला लिहिता येत नव्हतं आणि अक्षर-ओळखही नव्हती, म्हणून असेल कदाचित, पण ऐकलेलं ती विसरत नसे.

बाबाराव दारव्ह्याच्या एका जिनिंगवर हमाल होता. त्या दोन-तीन वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. भाव पडले होते, खरेदी उशिरा सुरू होई, लोक सोयाबीनकडे वळत होते. जिनिंगच्या फाटकाबाहेर जिथं कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची तिथं भर दुपारी कुत्री झोपलेली असत. हमालांना दिवाळीपासून होळीपर्यंत काम असे, ते आता संक्रांतीलाच संपे. गावात अधूनमधून जीपगाड्या येत. कोणी पाहणी करायला, कोणी पेपरवाले. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घराचा पत्ता विचारत. छपरीवरून जाताना त्यांची नजर उर्वशीवर पडे आणि तशीच पुढं सरके. उर्वशी मात्र त्यांचं बोलणं ऐकून ठेवी.

घरात पैसा आणणारी आता मुख्यतः पंचफुला होती. निंदणाला, वेचणीला ती दीड-दोन किलोमीटरवरच्या वावरात जाई, आणि दुपारी पळत घरी येई. उर्वशीला पाणी पाजायचं, दोन घास भरवायचे, बाहेर न्यायचं, पुन्हा बसवून पळत वावर गाठायचं. मुकादमबाई तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापत असे. सोबतच्या बाया सावलीत भाकर खात तेव्हा पंचफुला पांदणीनं, वावरांमधल्या वाटेनं पळत असे. उर्वशीला दुपारी पांदणीवरून येणारी तिची पावलं ऐकू येत. ती पावलं गेल्या दोन वर्षांत जड झाली होती.

२००५ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी रेडिओवर निराधार योजनेची माहिती लागली. अठरा वर्षांवरचे अपंग, ज्यांना स्वतःची कमाई नाही, त्यांना दरमहा अनुदान. अर्ज तहसीलला करायचा. कोणकोणते कागद लागतात तेही सांगितलं. उर्वशीनं ते एकदाच ऐकलं. आई आली तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. पंचफुलाला बाकीचं समजलं, फक्त एक शब्द लागेना. तीन वेळा विचारलं, चार वेळा विचारलं, तेव्हा तो 'निराधार' निघाला.

जेवताना पंचफुलानं बाबारावला सांगितलं. त्याचा हात ताटातच थांबला.

"निराधार?" तो म्हणाला. "कोण निराधार? मी हाय ना. तू हाय. माह्या जित्तेपणी माही पोरगी निराधार म्हणून सरकारच्या वहीत लागन?"

"तसं नावच हाय त्या योजनेचं," पंचफुला म्हणाली.

"मंग नावच खराब हाय. नाई करायचा अर्ज."

उर्वशी काहीतरी बोलली. बाबारावला तिचं अर्धंमुर्धं कळे. त्यानं पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुला भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

"काय म्हणते?"

"काई नाई."

"सांग ना. काय म्हणते?"

"माहे पाय पाहा म्हणते तुमाले," पंचफुला म्हणाली, आणि तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

पण बाबारावनं पाहिलं. टाचांना बोटं जातील एवढ्या भेगा होत्या, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. तो हात धुवून बाहेर गेला. उर्वशी मग आईला म्हणाली की तिला पैसे खायला नको आहेत, दुपारी घरी बसणारं एक माणूस पाहिजे आहे. शेजारची सुखीबाई घरीच असते. तिचा नवरा काविळीनं गेला तेव्हापासून तिलाही हाताला काम लागतं. तिला महिन्याला काही देता आलं तर आईला पळत यावं लागणार नाही. पंचफुलानं ऐकून घेतलं. पोरगी हे सगळं किती दिवसांपासून मनात जुळवत होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव धुतलेला सदरा घालून तलाठ्याकडे गेला. त्यानं शब्दाबद्दल पुन्हा काही म्हटलं नाही.

उत्पन्नाचा दाखला मिळाला, रहिवासी दाखला मिळाला. अडलं ते वयाच्या पुराव्यावर. शाळेत नावच नव्हतं तर दाखला कुठून येणार? तलाठी म्हणाला, जन्म ज्या गावी झाला तिथली कोतवाल बुकातली नोंद काढून आणा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवाल पूर्वी त्या वहीत लिहवून घेत असे. त्या जुन्या वह्या आता नेरच्या तहसीलमध्ये होत्या. पण साल कोणतं? तारीख कोणती?

"पोळा होऊन पाचवा दिवस होता," पंचफुला म्हणाली. "बैलायच्या शिंगाचा रंग नव्हता गेला. आन त्या सालीच नागोरावची हीर खचली."

नागोराव म्हणजे पंचफुलाचा भाऊ. साल त्यालाही आठवत नव्हतं. उर्वशीला मात्र मामाचंच एक जुनं बोलणं आठवत होतं. विहीर खचली म्हणून त्याचं लग्न एक वर्ष लांबलं होतं, आणि त्याच्या लग्नाची तारीख त्याच्या घरच्या पितळी परातीवर नावासकट कोरलेली होती. बाबाराव सासुरवाडीला जाऊन परात पाहून आला आणि त्या सालातून एक वजा केलं. मग नेरला गेला. तिथल्या बाबूनं दोन दिवस फिरवलं, पण तिसऱ्या दिवशी जुन्या वह्यांचा बस्ता सोडला आणि १९८० सालचं पान काढलं. चौदा सप्टेंबर. स्त्री. बापाचं नाव बाबाराव. लेकराच्या नावाचा रकाना कोरा होता. तेवढं सरपंचाच्या दाखल्यावर भागलं.

त्या संध्याकाळी उर्वशीनं बापाकडून तो कागद तीनदा वाचून घेतला. पंचवीस वर्षं तिला आपली तारीख माहीत नव्हती.

राहिलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. त्यासाठी यवतमाळला एका मंगल कार्यालयात तपासणीचं शिबिर लागणार होतं. ही बातमीही रेडिओवरच लागली. बाबाराव तेव्हा जिनिंगवर होता. हंगाम संपायला चार दिवस उरले होते, खाडा पडला तर मुकादमानं दुसरा माणूस लावला असता. म्हणून मायलेकीच निघाल्या. पंचफुलानं उर्वशीला पाठीवर घेतलं, चादरीनं आपल्या कमरेला बांधलं आणि सडकेपर्यंत चालत आली. काळीपिवळी जीपवाल्यानं दोन माणसांची जागा धरली. दारव्ह्याच्या स्टँडवर उतरून दुसऱ्या गाडीपर्यंत जायचं होतं. तिथं पंचफुलाला धाप लागली. सायकल दुरुस्तीच्या एका दुकानासमोर ती टेकली.

दुकानदार गफ्फारभाई चाकाचे आरे ताणत बसला होता. पन्नाशीचा, दाढी मेंदीनं लाल. त्यानं हातातलं चाक ठेवलं, स्वतःचं स्टूल आणून दिलं, आणि वाकून उर्वशीला विचारलं, "बेटी, बैठने को पीठ किधर टिकती तुझी? कमर में के खांदे में?"

उर्वशी थबकली. असा प्रश्न तिला थेट कोणी विचारत नसे. ती बोलली, पंचफुलानं सांगितलं, "खांद्यापासून खाली पायजे म्हणते. मान तिची ती धरते आता."

"हां," गफ्फारभाई म्हणाला. त्यानं एक काडी घेऊन तिच्या पाठीची लांबी नजरेनंच मापली. "वापस येशीन तवा भेटजो." मग हातगाडीवर दोघींना बसवून गाडीपाशी सोडलं.

मंगल कार्यालयात जत्रेसारखी गर्दी होती. आदल्या दिवशीचं लग्न आटोपलं असावं. मंचावर थर्मोकोलची अक्षरं तशीच होती आणि त्यांच्याखाली टेबलं मांडली होती. माईकवरून नावं पुकारत होते. उर्वशीचा नंबर लागला तेव्हा तीन वाजून गेले होते. डॉक्टर वयस्क होते. सकाळपासून माणसं पाहून त्यांचा चेहरा उतरला होता. समोर एका बाईनं पाठीवरून एक वाढलेली पोरगी उतरवली. तिच्या तोंडातून लाळ गळते आहे, हात हवेत वळतो आहे, एवढं त्यांनी पाहिलं.

"नाव?"

उर्वशी नाव सांगायला लागली. तिची मान मागे गेली तोवर त्यांनी पंचफुलाकडे पाहिलं होतं.

"उर्वशी," पंचफुला म्हणाली.

"शाळा?"

"नाई जी."

"काही समजतं का?"

"समजते ना साहेब. सारं समजते."

हे त्यांनी सकाळपासून प्रत्येक आईकडून ऐकलं असणार. ते शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "तीव्र मतिमंद. नव्वद टक्के."

पंचफुलानं हात जोडले. काम झालं होतं. एवढ्यात तिच्या मांडीवर उर्वशीचं अंग ताठ झालं, पाय टेबलाला लागला आणि त्यावरचा पाण्याचा पेला कलंडला.

"धरा तिला," डॉक्टर म्हणाले.

"नको लिहू म्हणते," पंचफुला कसंबसं बोलली.

"काय?"

"मतिमंद नको लिहू म्हणते, साहेब. मी तशी नाई, म्हणते."

डॉक्टर चिडले नाहीत. उलट समजावत म्हणाले, "बाई, अनुदानाला टक्के लागतात. तुमचं काम होतंय. शब्दाला काय धरून बसता?"

पंचफुलालाही ते पटलं होतं. ती लेकीच्या कानाशी वाकली. "राहू दे ना वं, माय. कागदावरचं तं हाय."

"कागदावरचंच राह्यते," उर्वशी म्हणाली.

हे पंचफुलानं कोणाला सांगितलं नाही. पण तिनं पोरीला उचलून उठायच्या ऐवजी तिथंच बैठक पक्की केली. मागची रांग कुरकुरायला लागली. पलीकडच्या टेबलावर एक तरुण डॉक्टरीण होती, ती काय झालं म्हणून आली. तिनं ऐकून घेतलं आणि पंचफुलाला सरळ विचारलं, "तुम्ही सांगताय ते हीच बोलते, की तुम्ही तुमच्या मनाचं सांगता?"

पंचफुलाचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत हे कोणी तिला असं तोंडावर विचारलं नव्हतं. पुष्कळांच्या मनात ते असणार, हे मात्र तिला माहीत होतं.

"पाहून घ्या मंग," ती म्हणाली.

"ठीक आहे. तुम्ही थोडा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बसा."

पंचफुला गेली. उर्वशीला एका खुर्चीत बसवून शिबिरातल्या बाईनं मागून धरून ठेवलं. आई नाही आणि चारी बाजूंनी परके, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्या कानाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी लहान असताना आमच्याकडे एक मांजर होती. तिचं नाव जिलबी. ती विहिरीत पडली. माझ्या काकांनी टोपली सोडून तिला वर काढलं. एवढंच. आता आई आली की हे तिला सांग."

उर्वशीच्या डोक्यात सगळं बसलं. मांजर, विहीर, काका, टोपली, हे जमण्यासारखं होतं. भीती वाटली ती जिलबीची. 'लब' हे जोडून तिच्या तोंडून धड निघत नसे. आणि हा शब्द घरात फारसा कधी बोलला जात नसे, म्हणजे आईच्या कानालाही त्याची सवय नाही.

पंचफुला आत आली. उर्वशीनं तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. सगळं अंग आवळून आलं. जेवढा जोर करावा तेवढा आवाज आत अडकत होता. वयस्क डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. पंचफुला खाली फरशीवर बसली, लेकीचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं तळवा दाबत म्हणाली, "दमानं. आपली गाडी काई सुटून नाई राह्यली."

थोड्या वेळानं पाय सैल पडला. मग आवाज आला.

"मांजर म्हणते," पंचफुला म्हणाली. "मांजर होती. लहान असताना... कोण, तू? नाई, ह्या बाई. ह्या बाई लहान असताना मांजर होती. हिरीत पडली." ती ऐकत गेली. "काकानं काढली. टोपली सोडली का बाई तुमच्या काकानं? टोपली, म्हणते."

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आणि मांजरीचं नाव?"

उर्वशी बोलली.

"जि... जिरं?"

मान हलली, नाही.

"जिवती?"

नाही. आता शेजारच्या टेबलांवरची माणसंही पाहायला लागली होती. उर्वशीनं दोनदा तोच शब्द काढला, दोन्ही वेळा आईला लागला नाही. मग तिनं तो शब्द सोडूनच दिला आणि दुसऱ्या वाटेनं निघाली.

"लग्नात वाढतात ते, म्हणते," पंचफुला सांगू लागली. "गोड असते. पिवळं. गोल गोल... जिलबी? अवं, मांजरीचं नाव जिलबी कोण ठेवते?"

डॉक्टरीणबाई हसली, आणि हसता हसता तिनं चष्मा काढून डोळे पुसले. मागच्या रांगेत एक कुबड्यांवाला माणूस मोठ्यानं म्हणाला, "बराबर सांगतलं बाईनं." वयस्क डॉक्टर उठून टेबलाच्या अलीकडे आले. ते उर्वशीसमोर उभे राहिले, तिच्याकडेच पाहून बोलले.

"चुकलं माझं, ताई."

मग ते कारकुनाला म्हणाले, "खोडू नका. नवीन फॉर्म घ्या." मेंदूचा पक्षाघात, हातपाय व वाचा बाधित, बुद्धी चांगली, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. टक्के पूर्वीएवढेच राहिले.

परतताना गफ्फारभाईच्या दुकानापाशी थांबायला वेळ नव्हता. काळीपिवळी भरून निघाली होती. उर्वशी वाटेत आईच्या खांद्यावर झोपली आणि बोरखडी येईपर्यंत उठली नाही.

दारव्ह्याच्या तहसीलमध्ये अर्ज घेणारी रुपाली नावाची नवीन मुलगी होती. तिनं एकेक कागद पाहिला आणि म्हणाली, सगळं आहे, फक्त अर्जावर अंगठा पाहिजे. पण उर्वशीच्या मुठी कायम आवळलेल्या असत. अंगठा आत, चार बोटं वर. उघडायला गेलं की आणखी घट्ट.

"झोपली का हात ढिल्ला पडते तिचा," पंचफुला म्हणाली. "बसतो आमी बाहेर. डोळा लागला का घेऊन घ्या."

"मी झोपेत अंगठा देणार नाई," उर्वशी म्हणाली. आईनं हे सांगितल्यावर रुपाली गोंधळली, मग तिलाही ते बरोबर वाटलं असावं. तिनं कॅन्टीनमधून चहाचा गरम पेला मागवला, रुमालात गुंडाळून उर्वशीच्या मुठीला शेकत बसली. साहेबांनी दोनदा हाक मारली, ती "आले" म्हणाली आणि गेली नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बोटं हळूहळू उलगडली. अंगठा थोडा फिसकटला, पण उमटला. उर्वशीचा स्वतःचा, जागेपणी दिलेला.

मग वाट पाहणं आलं. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक उन्हाळ्यात होणार होती, ती पावसाळ्यात झाली. मधे तलाठी घरी येऊन पाहून गेला. बाबाराव दर बाजाराच्या दिवशी तहसीलच्या फळ्यावरची यादी पाहून येई. उर्वशीनं त्याला सांगून ठेवलं होतं की नाव नसलं तरी पुढच्या बैठकीची तारीख विचारून यायची, नुसतं परत यायचं नाही. पोळ्याच्या आठवड्यात तो यादी पाहून आला, छपरीत बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "एकवीस नंबरवर हाय. तुहं नाव, मंग माहं नाव."

पहिलं अनुदान पोस्टात जमा झालं तेव्हा त्यातून दोनच गोष्टी झाल्या. सुखीबाई दुपारच्याला येऊन बसू लागली. ती नको नको म्हणत होती, पण उर्वशीनं तिला सांगायला लावलं की फुकट बसणार असशील तर बसू नको. आणि दुसरं, बाबाराव गफ्फारभाईकडून एक गाडी घेऊन आला. गफ्फारभाईनं ती केव्हाच जोडून ठेवली होती. सायकलची दोन चाकं, पुढं एक लहान चाक, लोखंडी नळ्यांची चौकट, आणि खांद्यापासून खाली येणारी पाठ. काडीनं घेतलेलं माप दीड बोटानंच चुकलं होतं. तो टायरांशिवाय कशाचेच पैसे घेईना.

पंचफुला त्या हंगामात पहिल्यांदा बायांसोबत सावलीत बसून भाकर खाऊ लागली. पहिले काही दिवस दुपार झाली की तिचे पाय आपोआप पांदणीकडे वळत.

सुखीबाईला उर्वशीचं बोलणं यायला चार महिने लागले. आधी नुसतं पाणी आणि ऊन कळे. मग वाक्यं कळू लागली. एक दिवस उर्वशीनं तिला विचारलं, "काकी, तू काहून नाई केला अर्ज? विधवा बाईलेही असते ना."

"मले कोण देते?" सुखीबाई म्हणाली. "माह्याजवळ त्यायच्या मरणाचा कागदही नाई."

"तो ग्रामपंचायतीत हाय. तारीख मले माहीत हाय. उद्या जाऊ."

त्या गाडीतून उर्वशी आधी ग्रामपंचायतीत गेली, मग सुखीबाईला घेऊन तहसीलला. तिथून हे वाढत गेलं. कापूस पडला होता. गावोगाव घरं अशी झाली होती की हाती उरलेलं एखादं माणूसच सगळं ओढत होतं. विधवा बाया येत, म्हातारे येत, आंधळ्या-पांगळ्यांचे आईबाप येत. कोणता दाखला कुठं मिळतो, कोणता किती दिवस चालतो, समितीची बैठक कधी आहे, कोणत्या कागदावर कोणाची सही राहून जाते, हे सगळं उर्वशीच्या डोक्यात होतं. सुखीबाई तिचं तोंड झाली. रुपाली म्हणे की बोरखडीच्या बाईकडून आलेला अर्ज कागदासाठी परत जात नाही.

सगळेच अर्ज मंजूर झाले असं नाही. काहींचं वय बसलं नाही, काहींच्या नावावर दोन एकर निघाले, एक म्हातारी तर यादी लागायच्या आठ दिवस आधी वारली. त्या म्हातारीसाठी उर्वशी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पंचफुला तिला रागावली आणि भरवलं.

२००८ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, झरीकडच्या एका खेड्यातून रामलाल नावाचा माणूस आला. जंगलातल्या गावातून दोन गाड्या बदलून आला होता. सोबत त्याचा वाढलेला मुलगा, फुलचंद. फुलचंदला झटके येत, चालताना तोल जाई, आणि तो फार कमी बोले. दारव्ह्याला कोणी ओळखीचं नसताना कोणाकडून तरी ऐकून ते थेट तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली आले. तिथं उर्वशीची गाडी बाजाराच्या दिवशी उभी असे.

"माझ्या पोराचं काहीतरी करा, बाई," रामलाल सुखीबाईला म्हणाला. तो उर्वशीकडे पाहत नव्हता.

उर्वशी बोलली. सुखीबाईनं सांगितलं, "तुमी सांगू नका म्हणते. पहिले त्याले सांगू द्या. त्याले काय पायजे ते त्याले इचारा."

रामलालनं मुलाकडे पाहिलं. बहुधा हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं आपल्या भाषेत दोन शब्द विचारले. फुलचंदनं खाली मान घातली आणि एक ढेकूळ पायानं फोडलं. रामलाल पुन्हा विचारणार होता, पण सुखीबाईनं हातानं त्याला थांबवलं.

शेवटी फुलचंद बोलला. रामलाल म्हणाला, "दोन शेळ्या म्हणतो."

"कोणत्या, काळ्या का पांढऱ्या?" उर्वशीनं विचारायला लावलं.

"काळ्या," फुलचंद स्वतःच मराठीत म्हणाला.

मग कामाला सुरुवात झाली. अर्ज त्यांच्याच तहसीलला द्यायचा होता, पण आधी त्याचे दोन फोटो लागणार होते, आणि फोटोवाल्याचं दुकान एक वाजता बंद होई, म्हणून सुखीबाईनं गाडीचा दांडा धरला आणि चौघं चौकाकडे निघाली.